राखीव अंतर कोणाचे?

संगणकाच्या प्रोसेसरमधील प्रत्येक क्रिया एका ठरावीक स्पंदाच्या तालावर चालते. या स्पंदांची दर सेकंदाची संख्या म्हणजे घड्याळवेग, आणि उत्पादकाने घालून दिलेल्या मर्यादेपलीकडे तो वेग नेण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आजच्या बहुतेक मदरबोर्डांवर मूळ घड्याळ 100 मेगाहर्ट्झचे असते आणि प्रोसेसर त्याला एका गुणकाने गुणून आपला वेग मिळवतो, म्हणजे गुणक 45 असेल तर वेग 4.5 गिगाहर्ट्झ आणि तोच 50 केला तर 5 गिगाहर्ट्झ होतो. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या आणि हार्डवेअरची घडी बसवणाऱ्या प्रणालीत, हा आकडा बदलायला फार वेळ लागत नाही. परंतु तो बदल सुरक्षित आहे की नाही हे केवळ गेम सुरळीत सुरू झाला यावरून ठरत नाही, आणि पुढील वादाचा गाभा तोच आहे.

दोन स्पंदांच्या मधल्या अवधीत विद्युतसंकेताला अनेक ट्रान्झिस्टर ओलांडून पलीकडे पोहोचावे लागते आणि तेथे शून्य किंवा एक या स्वरूपात स्थिर व्हावे लागते. वेग वाढवला की हा अवधी आखडतो. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर अधिक चपळाईने पालटतात आणि आखडलेल्या अवधीतही संकेत वेळेत पोहोचू शकतो. उत्पादक आपला वेग ठरवताना या दोहोंमध्ये थोडी मोकळीक शिल्लक ठेवतो, तिला अभियांत्रिकीत गार्डबँड आणि येथे राखीव अंतर म्हटले आहे. हे अंतर वापरणाऱ्याच्या हक्काचे आहे असे मानणारा येथे वेगवादी, तर ते यंत्राच्या पुढील आयुष्यासाठी बाजूला काढलेले आहे असे मानणारा स्थैर्यवादी या नावाने बोलतो. दोघांनाही गेम सफाईने चालावा असेच वाटते, त्यामुळे हा वाद हौशी आणि अनभिज्ञ यांच्यातला नाही.

वेगवादी : एकाच वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या एकाच चकतीवर, तयार झालेल्या चिपादेखील सारख्या नसतात, काही कमी व्होल्टेजवर धावतात, तर काहींना तेवढ्याच वेगासाठी अधिक व्होल्टेज लागते. एकच नाव देऊन विकल्या जाणाऱ्या सर्व चिपांसाठी उत्पादकाला एकच आकडा द्यावा लागतो, आणि तो त्या गटातील सर्वांत दुबळ्या चिपेला, तापलेल्या खोलीतही, कित्येक वर्षे पेलेल असाच असावा लागतो. मग ज्याच्या वाट्याला चांगली चिप आली आहे आणि ज्याने चांगला कूलर बसवला आहे, त्याने दुबळ्या चिपेसाठी लावलेला नियम का पाळावा? इंटेलने ऑगस्ट 1998 मध्ये बाजारात आणलेला सेलेरॉन 300ए हा स्वस्तातला प्रोसेसर 66 मेगाहर्ट्झच्या बसवर, म्हणजे तेव्हाच्या मूळ घड्याळावर, 4.5 या गुणकाने 300 मेगाहर्ट्झला चालत असे. बसचा वेग 100 मेगाहर्ट्झ केला की तोच प्रोसेसर 450 मेगाहर्ट्झ गाठत असे, आणि त्यातल्या अनेक चिपा व्होल्टेज न वाढवताही तेथे टिकत. त्याच काळातल्या, त्याच वेगाच्या पेंटियम 2 ची किंमत कितीतरी अधिक होती. त्या सेलेरॉनमधली क्षमता खरी होती. केवळ तिच्यावरचे लेबल बाजाराच्या सोयीने लावलेले होते.

स्थैर्यवादी : उदाहरण योग्य आहे, पण ते ज्या परिस्थितीतले आहे ती आता उरलेली नाही. त्या काळी चिपेला एकच वेग असे आणि तिच्यातली शिल्लक क्षमता तशीच पडून राही. 2008 मध्ये इंटेलच्या नेहॅलेम पिढीबरोबर टर्बो बूस्ट आले, पुढे एएमडीनेही तीच दिशा धरली, आणि प्रोसेसर स्वतःच तापमान, विद्युतप्रवाह व भार मोजून क्षणोक्षणी वेग वाढवू-घटवू लागला. आपण ज्या शिलकीवर हक्क सांगता, तिच्यातला मोठा भाग कारखान्यातूनच खर्ची पडून येतो. जी थोडी उरते ती निरुपयोगी म्हणून उरलेली नसते. चिप जुनी होते तसे तिचे ट्रान्झिस्टर मंदावतात आणि त्याच वेगासाठी त्यांना अधिक व्होल्टेज लागू लागते. भार एकाएकी वाढला की व्होल्टेज क्षणभर खचते. उन्हाळ्यात खोली तापते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या तरी गणित चुकू नये, यासाठी ते अंतर राखलेले असते.

वेगवादी : तसे असेल तर काळजीपूर्वक थोडे अंतर वापरण्यात धोका किती, हे मोजून सांगावे लागेल. निव्वळ भीती हा युक्तिवाद होऊ शकत नाही.

स्थैर्यवादी : ते मोजता येते. ट्रान्झिस्टर पालटताना खर्च होणारी शक्ती घड्याळवेगाच्या सम प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, 4.5 गिगाहर्ट्झला 1.20 व्होल्ट पुरत होते आणि 5 गिगाहर्ट्झसाठी 1.35 व्होल्ट द्यावे लागले. वेग सुमारे 11 टक्क्यांनी वाढला. व्होल्टेजच्या वर्गाचे गुणोत्तर मात्र सुमारे 1.27 झाले, आणि दोहोंचा गुणाकार केला तर उष्णता जवळजवळ 41 टक्क्यांनी वाढली. यात गळतीच्या प्रवाहाने, म्हणजे ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून झिरपणाऱ्या विजेने, निर्माण होणारी उष्णता धरलेलीच नाही, आणि ती तापमानाबरोबर आणखी वाढते.

हे गणित या विषयातल्या बहुतेक गैरसमजांच्या मुळाशी जाते. ओव्हरक्लॉकिंग धोकादायक आहे असे ढोबळपणे म्हटले जाते तेव्हा दोष वेगाला दिला जातो. वास्तविक केवळ वेग वाढवल्याने चिप सहसा बिघडत नाही, फार तर संगणक हँग होतो किंवा आपोआप रीस्टार्ट होतो आणि जुना आकडा परत घातला की पूर्ववत चालतो. कायमची हानी होते ती मुख्यतः व्होल्टेजमुळे, त्याच्याबरोबर वाढणाऱ्या प्रवाहामुळे आणि तापमानामुळे. चिपेतील अतिसूक्ष्म धातूच्या तारांमधून दाट प्रवाह दीर्घकाळ वाहिला की इलेक्ट्रॉनांच्या धक्क्याने धातूचे अणू हळूहळू सरकतात, तार एका ठिकाणी झिजते व दुसऱ्या ठिकाणी फुगते. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. जेम्स ब्लॅक यांनी 1969 मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार अशा तारेचे आयुष्य प्रवाहाच्या घनतेबरोबर झपाट्याने घटते आणि तापमानाबरोबर घातांकी रीतीने घटते. म्हणूनच पहिल्या महिन्यात निर्दोष वाटलेली मांडणी वर्षभराने, कोणीही हात न लावता, अडखळू लागते.

वेगवादी : या ठिकाणी एका अलीकडच्या घटनेचा विचार व्हायला हवा. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील मोठे डेस्कटॉप प्रोसेसर, विशेषतः कोअर आय9-13900के आणि 14900के, गेम चालू असताना अकारण बंद पडत असल्याच्या तक्रारी 2024 मध्ये मोठ्या प्रमाणावर पुढे आल्या. वापरणाऱ्यांपैकी अनेकांनी बायोसमध्ये काहीही बदललेले नव्हते. अनेक मदरबोर्डांनी आपल्या मूळ मांडणीतच शक्तीची मर्यादा जवळजवळ काढून टाकलेली होती, म्हणजे ज्या प्रोसेसरसाठी 253 वॅटची शिफारस होती तेथे 4096 वॅट असा नाममात्र आकडा घातलेला असे. आणि चिपेच्या अंतर्गत सूचनासंचात, ज्याला मायक्रोकोड म्हणतात त्यात, गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागणारा दोष होता. कारखान्याने दिलेला आकडा सुरक्षित आणि वापरणाऱ्याने निवडलेला आकडा असुरक्षित, ही विभागणी मग कशी टिकणार?

स्थैर्यवादी : टिकत नाही, हे मान्य करावेच लागेल. पण त्या घटनेने सिद्ध काय झाले, तेही पाहावे. वाढीव व्होल्टेज आणि तापमान यांमुळे चिपेतील घड्याळाचे स्पंद पोहोचवणारे मंडळ अकाली जुने होत होते, असे कारण इंटेलनेच पुढे दिले. मायक्रोकोड सुधारून व्होल्टेजची मागणी 1.55 व्होल्टच्या आत रोखली गेली, हमीचा कालावधी 2 वर्षांनी वाढवला गेला, मात्र जी चिप आधीच झिजली होती ती सुधारित मायक्रोकोडने पूर्ववत झाली नाही. चूक उत्पादकाची होती म्हणून निसर्गाचा नियम बदलला नाही. ज्या व्होल्टेजने उत्पादकाच्या हातून चिपा बिघडल्या, त्याच व्होल्टेजने त्या हौशी माणसाच्या हातूनही बिघडतील.

एकच पुरावा दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूने मांडावा, आणि दोघांचेही म्हणणे खरे असावे, असा प्रसंग वादात क्वचित येतो. कारखान्याच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवता येत नाही हे वेगवाद्याचे म्हणणे आणि व्होल्टेज हीच मुख्य जोखीम हे स्थैर्यवाद्याचे म्हणणे, ही दोन्ही एकत्र धरली की ओव्हरक्लॉकिंग न करणाऱ्यालाही एक काम लागू पडते : बायोस अद्ययावत ठेवणे, आणि मदरबोर्डाने ‘ऑटो’ या नावाखाली प्रत्यक्षात किती व्होल्टेज व किती वॅट सोडले आहेत, हे हार्डवेअर मॉनिटरसारख्या साधनाने स्वतः पाहणे.

वेगवादी : आता स्थिरतेविषयी. वेग वाढवल्यानंतर आठवडाभर गेम खेळले, संगणक एकदाही बंद पडला नाही, तर मांडणी स्थिर मानायला हरकत कोणती?

स्थैर्यवादी : हरकत अशी की चुकीचे गणित करणारा संगणक बंद पडेलच असे नाही. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी 2005 मध्ये लिहिले होते की त्यांच्याकडे येणाऱ्या बिघाडांच्या अहवालांत काही अहवाल असे असत, ज्यांत प्रोसेसर एक साधे रजिस्टर शून्य करण्याच्या सूचनेवर अडखळलेला दिसे. ही सूचना स्मृतीला स्पर्शही करत नाही, त्यामुळे ती फसण्याचे प्रोग्रॅममध्ये काही कारणच असू शकत नाही. चौकशी केल्यावर त्यामागे ओव्हरक्लॉकिंग निघाले, आणि काही मालकांना तर आपला संगणक विक्रेत्याने परस्पर ओव्हरक्लॉक करून दिला आहे याची कल्पनाही नव्हती. गेमच्या क्षेत्रातले उदाहरण याहून बोलके आहे. ‘गिल्ड वॉर्स’ हा गेम तयार करणाऱ्या अरेनानेटने न उलगडणाऱ्या बिघाडांना कंटाळून गेममध्येच एक चाचणी घातली : गेम चालू असताना सतत काही आकडेमोड करायची आणि तिचे उत्तर आधीच माहीत असलेल्या उत्तराशी ताडून पाहायचे. अरेनानेटचे एक संस्थापक पॅट्रिक वायट यांनी नोंदवल्याप्रमाणे सुमारे 1 टक्का संगणक या साध्या चाचणीत नापास झाले, आणि त्यांच्या कारणांत ओव्हरक्लॉकिंगबरोबरच अपुरे शीतकरण व दुबळे पॉवर सप्लायही होते. त्या संगणकांवर गेम चालत होता, केवळ उत्तरे चुकत होती.

वेगवादी : हे उदाहरण ओव्हरक्लॉकिंगच्या विरोधात जात नाही, ते अपुऱ्या चाचणीच्या विरोधात जाते. जाणकार माणूस गेम चालला म्हणून थांबत नाही. तो प्राइम95 चालवतो; हे साधन मुळात मेर्सेन अविभाज्य संख्या शोधण्याच्या सामूहिक उपक्रमासाठी तयार झाले, आणि त्यातले प्रचंड गुणाकार आपली चूक आपणच पकडतात, म्हणून ते चाचणीसाठी उपयोगी पडते. तो मेमटेस्ट86 पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू होण्यापूर्वीच, रात्रभर चालवतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया या नावाने हार्डवेअरच्या चुकांची जी नोंद होते, तीही तो वाचतो, कारण प्रोसेसरने स्वतः दुरुस्त करून घेतलेली चूकही तेथे उमटते आणि ती पुढच्या बिघाडाची आगाऊ सूचना असते. गुणक एका वेळी एकानेच वाढवायचा, प्रत्येक टप्प्याला चाचणी घ्यायची, आणि जेथे पहिली चूक दिसली तेथून दोन पावले मागे यायचे, ही शिस्त पाळली तर राखीव अंतर संपत नाही, ते केवळ आपल्या चिपेच्या मापाचे होते.

स्थैर्यवादी : ती शिस्त योग्य आहे, पण तिच्यात दोन फटी राहतात. पहिली अशी की पूर्ण भाराची चाचणी सर्व काही दाखवत नाही. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांत कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय आहे, तिने प्रत्येक गाभ्याला, म्हणजे कोअरला, त्याच वेगासाठी थोडे कमी व्होल्टेज देता येते; अशी मांडणी पूर्ण भाराखाली तासन्‌तास टिकते आणि संगणक रिकामा असताना, एखादाच गाभा क्षणभर सर्वोच्च वेगावर उसळी घेतो तेव्हा, अचानक कोसळते. म्हणून एकेका गाभ्याला स्वतंत्रपणे तपासणारे कोअरसायकलरसारखे साधन वापरावे लागते. दुसरी फट व्होल्टेज मोजण्यातली आहे. भार वाढला की व्होल्टेज थोडे खचते, आणि हे खचणे भरून काढण्यासाठी मदरबोर्डावर लोड-लाइन कॅलिब्रेशन ही सोय असते. ती सर्वांत कडक पातळीवर ठेवली की पडद्यावरचा आकडा अगदी स्थिर दिसतो, पण भार एकाएकी सुटतो त्या क्षणी व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याच्याही वर उडी मारते. ही उडी सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, कारण ते त्या गतीने मोजतच नाही.

या मुद्द्यावर, लोड-लाइन कॅलिब्रेशन सर्वांत कडक न ठेवता मधल्या पातळीवर ठेवावे, हे वेगवाद्याने मान्य केले. खचणारे व्होल्टेज हा दोष नसून जाणीवपूर्वक केलेली रचना आहे, ही गोष्ट हौशी वर्तुळांत पुरेशी सांगितली जात नाही.

वेगवादी : ग्राफिक्स कार्डाबाबत मात्र आपला पक्ष दुबळा पडतो. गेममध्ये बहुतेक वेळा अडसर तेथेच असतो. ग्राफिक्स कार्डाला एक फ्रेम रंगवायला 14 मिलिसेकंद आणि प्रोसेसरला आपले काम उरकायला 8 मिलिसेकंद लागत असतील, तर प्रोसेसर 7 मिलिसेकंदांवर आणूनही सेकंदाला सुमारे 71 फ्रेमच मिळतील. कार्ड वेगवान केले तरच फरक पडेल. शिवाय अलीकडच्या कार्डांवर उत्पादकाने व्होल्टेजला कुलूप घातलेले असते. आफ्टरबर्नर या कार्डाच्या मांडणीसाठीच्या साधनात घड्याळ आणि शक्तीची मर्यादा काहीशी वाढवली तर वाईटात वाईट म्हणजे ड्रायव्हर कोसळतो आणि पुन्हा उभा राहतो.

स्थैर्यवादी : कार्डाच्या गाभ्यापुरते हे खरे आहे. त्याच्या स्मृतीबाबत सावध राहावे लागते, कारण अलीकडच्या कार्डांच्या स्मृतीत चूक ओळखून तोच डेटा पुन्हा पाठवण्याची व्यवस्था असते. त्यामुळे मर्यादा ओलांडल्यावर पडद्यावर रंगीत ठिपके दिसण्याऐवजी फ्रेमची संख्याच गुपचूप घटू लागते. घड्याळाचा आकडा वाढतो आणि काम मंदावते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर तोच ठरलेला बेंचमार्क चालवून निकाल वहीत लिहिला पाहिजे. आणि कार्ड अधिक वॅट खेचू लागले की प्रश्न एसएमपीएसपर्यंत, म्हणजे पॉवर सप्लायपर्यंत, पोहोचतो. असेम्बल केलेल्या पीसीत बचत बहुधा त्याच भागात केलेली असते.

वेगवादी : मग मधला मार्ग आपल्याला मान्य आहे, असे समजायचे का? वेग आहे तेथेच ठेवून व्होल्टेज 1.20 वरून 1.10 वर आणले आणि चाचण्या उतरल्या, तर वर सांगितलेल्या गणितानेच उष्णता सुमारे 16 टक्क्यांनी कमी होते. थंड राहिलेला प्रोसेसर आपल्याच टर्बोने अधिक काळ वरच्या वेगावर राहतो, पंखे मंद फिरतात आणि फ्रेम एकसारख्या येतात. यालाच अंडरव्होल्टिंग म्हणतात. राखीव अंतर वापरले तर जाते, पण चिपेची झीज वाढण्याऐवजी घटते.

स्थैर्यवादी : हा मार्ग मान्य आहे, किंबहुना आजच्या प्रोसेसरांसाठी सामान्य खेळाडूने प्रथम तोच धरावा. चुकीच्या उत्तराचा धोका त्यातही असल्यामुळे चाचण्यांतून सुटका मात्र नाही.

येथवर आल्यावर दोन्ही पक्षांतले अंतर बरेच कमी झाले, तरी एका प्रश्नावर ते मिटले नाही, आणि तो प्रश्न अगदी रोजच्या वापरातला आहे. डीडीआर5 रॅमचे काही किट 6000 या वेगाचे म्हणून विकले जातात, पण मूळ मानकानुसार अशी रॅम बहुधा 4800 वर सुरू होते. वरचा वेग मिळवण्यासाठी बायोसमध्ये इंटेलचे एक्सएमपी किंवा एएमडीचे एक्स्पो हे तयार प्रोफाइल चालू करावे लागते. वेगवाद्याच्या मते पाकिटावर छापलेला वेग चालू करणे हे ओव्हरक्लॉकिंग मानणेच अन्यायाचे आहे. स्थैर्यवादी दाखवून देतो की एएमडीच्या हमीच्या अटी एक्स्पोला ओव्हरक्लॉकिंगच मानतात, आणि एप्रिल 2023 मध्ये रायझन 7000 मालिकेतील थ्री-डी कॅश असलेले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले तेव्हा, असे प्रोफाइल चालू करताच काही मदरबोर्ड मेमरी कंट्रोलरच्या भागाला देत असलेले जादा व्होल्टेज त्यामागच्या कारणांत होते. पुढे नव्या बायोसने त्या भागाची मर्यादा 1.3 व्होल्टवर आणली. वेगवादी यावर म्हणतो की ज्या सोयीची जाहिरात करून रॅम विकली जाते, तिच्या परिणामांची जबाबदारी विकणाऱ्याने घ्यावी. आणि ग्राहकाच्या दृष्टीने पाहता हे म्हणणे रास्त आहे. तरीही विकत घेणाऱ्याने प्रोफाइल चालू केल्यावर त्या भागाचे व्होल्टेज पाहणे आणि रात्रभर मेमटेस्ट86 चालवणे, ही दोन कामे हमीच्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवण्यासारखी नाहीत.

स्थैर्यवादी : शेवटी ऋतूचा मुद्दा. हवेने असो वा पाण्याने, कोणताही साधा कूलर चिपेला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली जितक्या अंशांनी तापते, जवळजवळ तितक्याच अंशांनी चिपही तापते. जानेवारीत 22 अंशांच्या खोलीत पूर्ण भाराखाली 80 अंशांवर थांबलेला प्रोसेसर नागपूर किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात, 40 अंशांच्या खोलीत, 98 अंशांच्या आसपास जाईल. बहुतेक प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या दरम्यान स्वतःचा वेग कमी करू लागतात, त्यामुळे हिवाळ्यात मिळवलेले जादा मेगाहर्ट्झ गरजेच्या वेळी हातात राहणार नाहीत.

वेगवादी : म्हणून मांडणी मे महिन्यात, दुपारी, कॅबिनेटची झाकणे लावून तपासावी आणि तीच वर्षभर ठेवावी, हिवाळ्यासाठी वेगळे प्रोफाइल करायचेच असेल तर बायोसमध्ये त्यासाठी जागा असते. दर उन्हाळ्यापूर्वी पंख्यांवरची धूळ काढावी, थर्मल पेस्ट वाळली असल्यास बदलावी, आणि बायोस अद्ययावत केल्यावर जुने आकडे तसेच न भरता सर्व चाचण्या पहिल्यापासून घ्याव्यात, कारण नव्या मायक्रोकोडबरोबर व्होल्टेज मागण्याची रीतच बदललेली असू शकते.